ड्राय बाल्कनी

पुण्यातल्या बिल्डरांच्या भाषेत ‘ड्राय बाल्कनी’ म्हणजे घरातली सगळ्यांत ओली जागा. स्वयंपाकघराला चिकटलेली, जेमतेम चार फूट बाय सहा फूट. तिथे धुण्याचं मशीन, भांडी घासायची मोरी, फरशी पुसायची बादली आणि केरसुणी. समोर दुसऱ्या विंगची तशीच बाल्कनी, मधे डक्ट. तिथे ऊन वर्षातून कधी येत असलं तर आमची गाठ पडलेली नाही. कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात निकाल दिला, “काकू, हितं कापडं वाळायची न्हाईत. नुसती आंबतील.” त्यांचं खरं होतं. म्हणून मी बैठकीच्या खोलीबाहेरच्या, पूर्वेकडच्या मोठ्या बाल्कनीत दोरी बांधली आणि तिसऱ्या दिवशी सोसायटीचा कागद आला.

दर्शनी बाजूला कपडे वाळत घातल्याने इमारतीच्या सौंदर्याला बाधा येते, असं कागदावर होतं. बाधा हा शब्द मी लहानपणी फक्त भुताखेतांच्या संदर्भात ऐकलेला. दोरीवर त्या दिवशी आमच्या ह्यांचे दोन सदरे, माझी एक सुती साडी, चार पंचे आणि उशीचा एक अभ्रा होता. यातलं नेमकं बाधतंय कोण, ते पाहायला मी खाली बागेत जाऊन मान वर करून उभी राहिले. बारा मजले, अठ्ठेचाळीस बाल्कन्या. कुठे झुलती खुर्ची, कुठे मनीप्लँट, बाकी सगळं रिकामं. फक्त सातव्या मजल्यावर आमची साडी हलत होती. खरं सांगते, इमारतीत माणसं राहतात याचा तेवढाच पुरावा होता. घर घेताना बिल्डरच्या माणसाने एक गुळगुळीत पुस्तक दिलं होतं. त्यातल्या बाल्कनीत कॉफीचा कप होता, उघडं मासिक होतं, एक गोरी बाई होती, दोरी नव्हती. चित्रातली माणसं कपडे घालतात, धूत नाहीत. आपण राहायला आलो म्हणून त्या चित्राला धक्का लागू नये, एवढीच सोसायटीची इच्छा.

आम्ही कोकणातली माणसं कपडे ‘सुकत’ घालतो. लग्न होऊन डोंबिवलीला गेले, तिथेही सुकतच घालायचो. पुण्यात आल्यावर ते ‘वाळत’ घालायला लागलो. परभणीची माझी जाऊ ‘वाळू’ घालते. पुण्याच्या शब्दात मात्र एक धोका आहे. वाळत घालणं आणि वाळीत टाकणं यांत अंतर एका वेलांटीचं. सोसायटीच्या कागदाने ती वेलांटी देऊन टाकली.

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरात दांड्या होत्या. वाशांना सुंभाने टांगलेले बांबू. माजघरातली दांडी सगळ्यांत उंच, ती सोवळ्याची. आजी पहाटे धुतलेलं लुगडं काठीच्या टोकावर घेऊन त्या दांडीवर चढवायची आणि काठीनेच सुरकुत्या काढत पसरायची. खाली उभं राहून, मान मागे टाकून, दोन पुरुष उंचीवरचं नऊवारी लुगडं ती असं सारखं करायची की काठाला काठ लागायचा. आम्ही मुलं खालून जाताना अंग चोरून जायचो. एखाद्याने उडी मारून टोक ओढलंच, तर लुगडं पुन्हा विहिरीवर. आम्हाला निदान खालून जाता तरी यायचं. आमच्या शेतात राबणारी माणसं माजघरापर्यंत कधी आलीच नाहीत. दांडी इतकी उंच कुणापासून ठेवलेली होती, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

अंगणात मात्र दोन माडांमध्ये काथ्याची दोरी होती. तिच्यावर आजोबांचे पंचे, बाबांचं धोतर, आईची लुगडी, आमचे परकर, भावांच्या खाकी चड्ड्या आणि सगळ्यांत शेवटी, कुंपणाच्या बाजूला, आत्याआजीचं आलवण. तांबडं, एकरंगी, काठ नसलेलं. ती अकराव्या वर्षी विधवा झाली होती. आमच्या घरात किती माणसं, कोण बाळंतपणाला आलंय, मुंबईचे पाहुणे उतरलेत का, हे पोस्टमन दोरीवरूनच ओळखायचा. आलवणाचा अर्थही त्याला कळत असणार, गावात सगळ्यांनाच कळत होता. पण त्या आलवणाने कशाला बाधा येते, असं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. १९६९ साली आत्याआजी गेली. नंतर तो रंग आमच्या दोरीवर आला नाही, आणि आला नाही म्हणून हळहळावं असा तो रंगही नव्हता.

मृग लागला की अंगणातली दोरी नुसती ठिबकत राहायची. चार महिने सगळं धुणं पडवीत, नाहीतर स्वयंपाकघरात चुलीवरच्या दांडीवर. आमच्या वर्गातल्या सगळ्यांच्याच कपड्यांना धुराचा वास असायचा, त्यामुळे तो कुणालाच यायचा नाही. घरात तान्हं मूल असलं तर शेगडीत निखारे घालून वर बांबूचा हारा पालथा घालायचे आणि त्यावर लंगोट, दुपटी पसरायची. ओव्याची धुरीही त्यातच. पाऊस ओसरला की तीच दुपटी अंगणात यायची, पण दिवेलागणीच्या आत ती घरात घेतलीच पाहिजेत. तिन्हीसांजेनंतर बाळाचं वस्त्र उघड्यावर राहू द्यायचं नाही. का, तर नाही म्हणजे नाही. दव पडतं, किडामुंगी शिरते, हे कारण मी मागाहून आपल्या मनाने बसवलेलं आहे. आजीच्या मनात दुसरंच काही असणार.

पावसाळ्यातल्या कुबट वासाचा गुन्हेगार जपानी संशोधकांनी २०१२ साली नावानिशी पकडला. मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू. धुतला तरी तो कपड्यात टिकून राहतो आणि कपडा ओलसर राहिला की वास सोडायला लागतो. उन्हात वाळलेल्या कपड्याच्या चांगल्या वासाचा छडा त्यानंतर लागला. कोपनहेगन विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी टॉवेल नुसत्या पाण्यात धुतले. काही घरात वाळवले, काही बाल्कनीत सावलीला, काही बाल्कनीतच उन्हात. २०२० साली त्यांनी सांगितलं, की उन्हातल्या टॉवेलांवरच काही अल्डिहाइड आणि कीटोन सापडले, आणि त्यांतल्या काहींचा वास लिंबाच्या, गुलाबाच्या जवळ जाणारा आहे. ऊन पाहिजे आणि कपडाही ओला पाहिजे, दोन्ही एकत्र आल्याशिवाय ते होत नाही. बाबा धोतराची घडी नाकाला लावूनच मग नेसायचे, त्याची मला आठवण झाली. आणि आवडलं ते हे, की प्रयोग बाल्कनीत झाला. त्यांना कुणी कागद पाठवला नसावा.

पण हे ऊन आमच्या घरातल्या सगळ्या कपड्यांच्या वाट्याला येत नव्हतं. १९७०च्या सुमाराला मी ‘बाजूला बसायला’ लागले, तेव्हा आईने मला एक जागा दाखवली. गोठ्यामागे, गवताच्या गंजीआड, कुंपणाची एक आडवी काठी. आपले कपडे तिथे घालायचे आणि वरून गोणपाट टाकायचं. पुरुषमाणसाच्या नजरेला पडता कामा नयेत. गोणपाटाखाली काय डोंबल सुकणार? पावसात तर ते ओलसरच पुन्हा घ्यायला लागायचे. खाज यायची, पुरळ उठायचं, सांगायचं कुणाला? आईला सांगितलं तर तिने खोबरेल तेलाची वाटी पुढे केली आणि मान फिरवली. तिच्या आईनेही तिला तेच केलं असेल. घरातल्या ज्या कापडाला उन्हाची सगळ्यांत जास्त गरज, तेच उन्हापासून झाकलेलं, आणि बाबांची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी मात्र अंगणात झेंड्यासारखी फडकत असायची. आजही कुठल्याही मराठी दोरीकडे बघा. बायकांचे आतले कपडे टॉवेलाच्या नाहीतर परकराच्या मागे असतात. माझेही असतात. पासष्टी उलटली, तरी हात आपसूक तसाच जातो.

डोंबिवलीत सासूबाईंनी मला स्वयंपाक शिकवला नाही, तो मला येत होता. वाळत घालायला शिकवलं. १९८० साली नवी सून म्हणून गॅलरीत उभी राहिले आणि पहिलाच सदरा खांद्यांना चिमटे लावून टांगला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. सदरा काढला, उलटा केला, एकदा असा झटकला की खालच्या मजल्यावरची बाई वर बघायला लागली, आणि खालच्या बाजूने, बरोबर शिवणीवर, दोन चिमटे लावले. “आता खांद्याला शिंगं येणार नाहीत,” एवढंच म्हणाल्या. मग हळूहळू बाकीचं. जड कपडे दोरीच्या टोकांना, हलके मधे, नाहीतर दोरीला झोळ पडतो. रंगीत सावलीला, निळीतलं पांढरं उन्हाला. मोज्यांच्या जोड्या शेजारी शेजारी. परकराची नाडी मोकळी सोडायची, तिच्यात पाणी मुरतं. शेवटी दोरीवरून एक हात फिरवायचा, कुणी दुमडलेलं राहिलं नाही ना म्हणून. या विद्येची पदवी कुठे मिळत नाही, पण समोरच्या इमारतीतल्या बायका दोरीवरूनच सुनेला मार्क द्यायच्या. लोकलने जाताना खिडकीतून मीही हेच करायचे. ठाणे ते डोंबिवली दरम्यान रुळांच्या कडेला जेवढ्या गॅलऱ्या, तेवढ्या प्रगतिपुस्तकांवर मी मनातल्या मनात सह्या केल्या आहेत. रविवारी सगळीकडे शाळेचे गणवेश, आणि खिडकीच्या कडेला खडू फासलेले पांढरे कॅनव्हासचे बूट.

सोसायटीच्या कागदाला एक बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. डोंबिवलीत वरच्या मजल्यावरच्या वहिनींशी माझं तीन महिने बोलणं बंद होतं. त्यांची नीट न पिळलेली चादर माझ्या कुरडयांवर ठिबकली होती. वरच्यांचं पाणी खालच्याच्या डोक्यावर, वाऱ्याने उडालेला टॉवेल तिसऱ्याच्याच गॅलरीत, बाहेर वाकताना तोल जायची भीती, हे सगळं खरं आहे. पण त्या भांडणात वहिनी म्हणाल्या होत्या, “तुमच्या कुरडया चालतात आणि आमची चादर चालत नाही का हो?” तेव्हा मी दार लावून घेतलं. आता त्यांचं म्हणणं पटतं. वाळवणाचं आपल्याला कोण कौतुक! जुन्या साडीवर पसरलेले पापड, सांडगे, राखणीला बसलेलं पोर, याचे फोटो निघतात, त्यावर लेख येतात. धुण्याचे फोटो निघतात ते दुसऱ्याच्या धुण्याचे. महालक्ष्मी स्टेशनजवळच्या पुलावर बघा, कॅमेरे घेतलेली माणसं कठड्याला टेकलेली असतात. खालचा धोबीघाट १८९० सालचा. तिथे चिमटे लागत नाहीत. दोन दोऱ्यांना एकमेकींत पीळ दिलेला असतो आणि त्या पिळात कपड्याचं टोक अडकवतात, वारा कितीही सुटला तरी हलत नाही. पूर्वी कुणाचा कपडा कुठला हे कळायला धोबी कोपऱ्यात बिब्ब्याने खूण करायचे. कपडा विरला तरी खूण जायची नाही. पुलावरून हे सगळं देखणं दिसतं, आणि दिसतंच. तेच पांढरं कापड आपल्या समोरच्या इमारतीत दिसलं की झोपडपट्टी आठवते. खटकतं ते कापड नव्हे, असं मला वाटतं. इथे कुणीतरी रोज हाताने काहीतरी धुतंय, पिळतंय, टांगतंय, ते काम दिसतं, ते खटकतं. ज्या घरात काम दिसत नाही ते घर श्रीमंत.

आणि काम पुरुषाने केलं तर फारच दिसतं. पुण्यात आल्यावर माझा खांदा आखडला, हात वर जाईना, तेव्हा आमच्या ह्यांनी वाळत घालायचं अंगावर घेतलं. मी पस्तीस वर्षं घातलं त्याची कुणी दखल घेतली नव्हती. हे चार दिवस दोरीपाशी दिसले आणि समोरच्या विंगमधल्या बाई लिफ्टमध्ये हसून म्हणाल्या, “काकांना बरंच कामाला लावलंय हं!” हे सदरा कॉलर वर करून टांगतात, जणू आत कुणी उभंच आहे. सासूबाईंचं सांगितलं तर म्हणतात, “शिंगं येऊ देत.” मी सोडून दिलं.

मुलगी अमेरिकेत, फ्लोरिडात टँपाला असते. तिच्याकडे गेले त्या उन्हाळ्यात हवा थेट आमच्या गावची. सकाळी कडकडीत ऊन, घामाच्या धारा, दुपारी ढग दाटून गडगडाट. मागच्या अंगणात मी दोन झाडांमधलं अंतर पावलांनी मोजायला लागले तशी ती म्हणाली, “आई, इथे नाही चालत. असोसिएशनचा नियम आहे.” कपडे ड्रायरमध्ये. हे पदार्थविज्ञान शिकवायचे, त्यांनी जेवताना हिशोब मांडला: कपड्यातलं एक लिटर पाणी उडवायला साधारण दोन तृतीयांश युनिट ऊर्जा लागतेच, कुणीही उडवा. दोरीवर ती ऊन आणि वारा भरतो, इथे वीज भरते. जावई वाचणारे आहेत. त्यांनी आठवड्याभरात शोधून काढलं, की फ्लोरिडात १९८० पासून कायदाच आहे. अशा वसाहतींच्या नियमांना सोलर पॅनेल आणि कपड्यांची दोरी यांवर बंदी घालता येत नाही. दोन्हींची नावं एकाच वाक्यात, दोन्ही अक्षय ऊर्जेची साधनं. व्हरमाँट राज्याने २००९ साली तसा कायदा केला. सासूबाई मला चिमटा शिवणीवर लावायला शिकवत होत्या, त्याच वर्षी फ्लोरिडात आमदार लोक दोरीला संरक्षण देत होते, याची मला मोठी गंमत वाटली. मग मुलीने दोरी बांधली का? नाही. म्हणाली, “कायदा आहे गं, पण लोक काय म्हणतील?” हे वाक्य ती अमेरिकेत शिकलेली नाही, माझ्याकडूनच घेऊन गेली आहे.

सोसायटीत हे घोंगडं दीड वर्ष भिजत पडलं होतं, शेवटी सर्वसाधारण सभेत आलं. एकाने फ्लॅटची किंमत उतरते असं सांगितलं, दुसऱ्याने कबुतरांचा विषय काढला. मी उठून मावशींचं म्हणणं सांगितलं, ड्राय बाल्कनीत कपडे आंबतात, ऊन लागतं. कुणी ऐकलं नाही. मग फ्लोरिडाचा कायदा सांगितला. अमेरिकेचं नाव निघताच सभा एकदम शांत झाली, अध्यक्षांनी तर पेन काढलं. तोडगा असा निघाला: बाल्कनीत दोरी नको, पण कठड्याच्या उंचीच्या आत राहील असा स्टँड चालेल. शिवाय गच्चीवर चार दोऱ्या बांधून देऊ. स्टँड मी आणला. कठड्याच्या आत ऊन सकाळी नऊला येतं आणि दहाला जातं. मला विचाराल तर हा तोडगा मी बाराव्या-तेराव्या वर्षीच पाहिलेला आहे, फक्त गोणपाटाच्या जागी कठडा आला. तेव्हा घरातल्या एकीचे कपडे लपवायचे होते, आता घरादाराचे.

म्हणून मी गच्चीवर जाते. पंधरा दिवसांपूर्वी गेले तेव्हा पहिल्याच दोरीवर, अगदी उन्हात, कुणा मुलीचे आतले कपडे ओळीने लावलेले होते, पिवळ्या चिमट्यांनी. मागच्या दोरीवर तिचे टॉवेल. म्हणजे मागचं पुढे आणि पुढचं मागे. मी माझी बादली खाली ठेवून थोडा वेळ बघत राहिले. जड टोकाला, हलके मधे, झोळ नाही. सासूबाईंनी पूर्ण मार्क दिले असते, डोळे मिटून का होईना. मग मी माझेही तसेच लावले. पहिल्यांदा हात मागच्या दोरीकडेच गेला होता.

गच्चीची किल्ली वॉचमनकडे असते. वहीत सही करून मिळते, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. चिमटे आपले आपण न्यायचे. वर वारा फार आहे.